अम्मीच्या हाताचं माप

आमच्या घरात सकाळ दोन आवाजांनी व्हायची. पुढच्या खोलीत अब्बांची कानस आणि मागच्या खोलीत अम्मीचं बेलन, म्हणजे लाटणं. कानस लोखंडावर चालली की दात आंबवणारा आवाज करते, पण जन्मापासून तो ऐकला की दात आंबत नाहीत. उलट एखाद्या सकाळी तो आला नाही तर झोप मोडायची. बेलनाचा आवाज गुडूक-गुडूक असा, मध्येच थांबून तव्यावर रोटी टाकल्याची एक थाप. मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचो, अब्बा आज बंदुकीच्या नळीवर बसलेत की तिच्या घोड्यावर, म्हणजे मागच्या ठोक्यावर, आणि अम्मी कितव्या रोटीवर आहे. दारव्ह्यातलं आमचं घर रस्त्याकडून दुकान होतं आणि नाल्याकडून घर. मध्ये जुन्या चादरीचा एक पडदा. पडद्याच्या अलीकडं बंदुकीचं तेल, पलीकडं लसणाची फोडणी, आणि दोन्ही वास त्या चादरीत भेटायचे. आज माझी सून चांगली फोडणी देते, पण मला तिच्यात काहीतरी कमी वाटतं. कमी असतं ते बंदुकीचं तेल. हे मी तिला एकदा सांगितलं, तर म्हणाली, "अब्बा, डॉक्टरकडं जाऊन येऊ का?"

अब्बा बंदुका दुरुस्त करायचे. त्यांचं लायसन काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेलं असायचं आणि त्याच्यावर धूळ बसली तर ते आम्हाला नाही, स्वतःला रागवायचे. काम बहुतेक शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकांचं. ज्वारीत डुक्कर घुसतं, तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, घुसतात, त्यांना हाकलायला आवाज पाहिजे, म्हणून ज्याला परवानगी मिळेल तो एक बंदूक बाळगून असायचा. ती वर्षभर गोठ्यात गवतात पडलेली असायची आणि तपासणी जवळ आली की सगळ्या गंजलेल्या बंदुका एकदम आमच्या दारात. हातात धरायची लहान हत्यारं, रिवॉल्वर नाहीतर पिस्तूल, क्वचितच यायची. विकायची म्हणून अशी दोन-तीन अब्बांच्या लोखंडी कपाटात होती. ती वकील, ठेकेदार, मोठे मालगुजार अशांच्या कामाची. त्या कपाटाची किल्ली अब्बांच्या करदोड्याला असायची आणि बाहेरगावी जाताना अम्मीच्या ओढणीच्या टोकाला.

माझं शिक्षण सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. तिसरीत एका मास्तरांनी छडी मारायला माझा हात पुढं घेतला आणि पोरांना दाखवून म्हणाले, "हे पाहा, पोरीचे हात." छडी लागली नाही इतकं ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. अब्बांनी मारलं, अम्मीनं हातापाया पडून सांगितलं, मास्तर स्वतः घरी येऊन गेले. गेलो नाही म्हणजे नाही. माझे हात खरंच लहान होते. अंगानं मी वाढलो, खांदे अब्बांसारखे झाले, पण मनगटाच्या पुढं अल्लानं काम सोडून दिल्यासारखं वाटायचं. दुकानात अब्बा मला बारीक कामं द्यायचे, स्प्रिंगा, सुईएवढे स्क्रू, चापाच्या पोटातले खटके. मला तो अपमान वाटायचा. मोठा हातोडा मी मुद्दाम उचलायचो आणि गिऱ्हाईक आलं की हात कमरेमागं बांधून उभा राहायचो, ठाणेदारासारखा. कोणी विचारलं तर मी म्हणायचो ती माझी सवय आहे.

मी अठरा पार केली होती त्या वर्षी अब्बा अवजारांची पेटी घेऊन ढाणकीला गेले. तिकडच्या बाजारात चार दिवस बसून ते आसपासच्या गावांच्या बंदुका नीट करून द्यायचे. जाताना म्हणाले, "दुकान देख. बेचना-वेचना मत." मी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी दारात एक दमणी, छोटी बैलगाडी, थांबली. तिच्यातून एक बाई उतरल्या, अंगानं बारीक, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. मागून त्यांचे दीर, गुलाबराव, तोंडात पानाचा तोबरा. बाईंचं नाव वत्सलाबाई. त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक रिवॉल्वर फळीवर ठेवलं, असं जपून, जणू आत कोणी झोपलेलं असावं.

"हे माह्या मालकाचं," त्या म्हणाल्या. "ते गेले दिवाळीच्या आधी. आता हे माह्या नावावर कराचं हाय. साहेबांनं सांगतलं, आठ दिवसांनी चांदमारीवर या, चालवून दाखवा. जमलं त लायसन तुमच्या नावानं, नाई जमलं त हत्यार जमा."

"अन् म्या म्हन्तो, कायले पाह्यजे हा ताप?" गुलाबरावांनी रस्त्यावर पिचकारी मारली. "वहिनी, गावात माह्या घरी राहा. दोन टाइम भाकर भेटते, अंगनात तुळस हाय. जंगलाच्या तोंडाशी एकटं राहून काय करता?"

"भाकर मले माह्या वावरातली भेटते, भाऊजी."

एवढ्या दोन वाक्यांत सगळं प्रकरण माझ्या ध्यानात आलं. बाकीचं पुढच्या बोलण्यात कळलं. त्यांचं वावर गावापासून दोन कोसावर, डोंगराच्या पायथ्याला. घर तिथंच बांधलेलं. मोहफुलं पडू लागली की अस्वल अंगणापर्यंत यायचं, आणि नवरा गेल्यावर दोनदा कोणीतरी बैल सोडून न्यायचा प्रयत्न केला होता. राखणीला एक म्हातारा कोलाम आदिवासी, त्याला कमी दिसायचं. हत्यार जमा झालं असतं तर दिरानं त्यांना तिथं राहू दिलं नसतं, आणि एकदा त्या गावात राहायला गेल्या की वावर दिरानं वाहिलं असतं. मग ते वावर दिराचंच म्हणून ओळखलं गेलं असतं. हे त्यांना कळत होतं, गुलाबरावांना कळत होतं आणि फळीमागं हात बांधून उभ्या असलेल्या मलाही कळलं.

मी ते रिवॉल्वर त्यांच्या हातात दिलं. रिकामं करून, चक्री उघडून दाखवून, हे अब्बांनी शिकवलेलं होतं. हत्यार मोठ्या माणसाचं होतं, मूठ जाड. वत्सलाबाईंच्या बोटाचं फक्त टोक चापाला टेकत होतं. चाप ओढायला गेल्या की पुरा हात फिरायचा आणि नळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं जायची. मी पाहिलं आणि एका क्षणात निकाल दिला. लहान हात, तर लहान हत्यार. यात विचार काय करायचा? पडद्याआड जाऊन अम्मीकडून कपाटाची किल्ली मागितली. तिनं विचारलं, "अब्बाने बोला था ना, बेचना नहीं?" मी म्हणालो, "दिखा रहा हूँ सिर्फ." आणि कपाटातलं सगळ्यांत लहान पिस्तूल घेऊन आलो. तळहातात झाकलं जाईल एवढं, चकचकीत, मुठीवर नक्षी.

"अरे वा," गुलाबराव हसले, "हे त लुगड्याच्या ओच्यात मावते! सुपारी कातराले बरं हाय."

दुकानामागं नाल्याच्या काठी मातीचा उंच धस होता. दुरुस्त केलेली बंदूक तिथं चालवून पाहायची अब्बांना परवानगी होती. मला परवानगी होती असं मी धरून चाललो. पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढून गोळी चढवावी लागते, तो वत्सलाबाईंच्यानं ओढला गेला नाही. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "द्या, मी ओढून देतो," जसं काही अस्वल आल्यावरही मी ओढून द्यायला जाणार होतो. त्यांनी ते धरलं. मूठ इतकी आखूड की दोनच बोटं मावली, करंगळी आणि तिच्याजवळचं बोट हवेत. चाप ओढला. पिस्तूल हातात बेडकासारखं उसळलं, वरचा भाग सर्रकन मागं आला आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी कापून गेला. पिस्तूल मातीत पडलं. गोळी कुठं गेली कोणास ठाऊक, धसाला लागली नाही एवढं खरं. वत्सलाबाई ओरडल्या नाहीत. फक्त दुसऱ्या हातानं हात धरून उभ्या राहिल्या आणि रक्त लुगड्यावर पडू नये म्हणून हात अंगापासून लांब धरला.

अम्मी मागच्या दारातून धावत आली. तिनं त्यांना सरळ चुलीपाशी नेलं, हळद दाबली, ओढणीची चिंधी फाडून बांधली. बाहेर गुलाबराव म्हणाले, "झालं समाधान? चला आता." आणि मी, अठरा वर्षांचा, हात मागं बांधलेला, काय म्हणालो? हे लिहिताना आजही मला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलं आहे तर लिहितो. मी म्हणालो, "हत्यारात खोट नाई. बाईच्या हातात जोर नाई." आत चुलीपाशी दोन बायका बसल्या होत्या. दोघींनी ते ऐकलं. वत्सलाबाई बाहेर आल्या, माझ्याकडं न पाहता नवऱ्याचं रिवॉल्वर फडक्यात बांधलं आणि म्हणाल्या, "तुमचे बाबा आले की मी येतो." दमणी गेली. त्या रात्री अम्मीनं मला जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. आणि पुढचे दिवसही नाही. आमच्या घरात मी जिद्दी म्हणून नावाजलेला होतो, पण ती जिद्द कुठून आली हे त्या दिवसांत कळलं.

अब्बा आले. पेटी ठेवली, हात-तोंड धुतलं, कपाट उघडलं, आणि पिस्तूल नाकाशी धरलं. मग त्याच्या वरच्या भागाच्या मागच्या कडेवर नख फिरवलं. मी पुसलं होतं, पण फटीत राहिलंच.

"किसका खून है?"

मी सगळं सांगितलं. लपवलं नाही, एवढा गर्व माझ्यात होता. अब्बांनी हात उगारला नाही.

"हाथ देखा था उस बाई का?"

"देखा. छोटा है."

"छोटा है ये तो गुलाबराव ने भी देखा. तूने नापा क्या?"

मी मापलं नव्हतं. आमच्या दुकानाची एक रीत होती. कोणाच्याही बंदुकीचा दस्ता किंवा मूठ नवी करायची असली की अब्बा आतून कणकेचा गोळा मागवायचे. गिऱ्हाइकानं तो मुठीत दाबायचा, हत्यार धरल्यासारखा. गोळ्यावर बोटं किती लांब येतात, अंगठा कुठं बसतो, बेचकं किती रुंद, सगळं उमटतं. ही रीत त्यांच्या उस्तादाची. लोक हसायचे, बंदुकीच्या दुकानात रोट्या होतात म्हणायचे. मी शेकडो गोळे आतून बाहेर आणले होते. पण वत्सलाबाईंसाठी गोळा मागवणं मला सुचलंच नाही. लहान हाताला माप कशाला, लहान म्हणजे लहान, असं मी धरलं. ज्या माणसानं आपल्या लहान हातावरून शाळा सोडली त्यानंच हे करावं! पण माणूस ज्याची लाज बाळगतो त्याच्याकडं नीट पाहत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

वत्सलाबाई आल्या तेव्हा गुलाबरावही आले. चांदमारीला चार दिवस उरले होते. अब्बांनी त्यांना खुर्ची दिली आणि आधी हात जोडून माझ्या वतीनं माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "लेकरू हाय." ते ऐकून मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मग अब्बांनी पडद्याकडं तोंड करून हाक दिली, "कणीक भेजो!" अम्मीनं गोळा पाठवला नाही, ती स्वतःच ताट घेऊन पडद्यापाशी येऊन उभी राहिली. वत्सलाबाईंनी दुखरा हात सांभाळून गोळा दाबला. अब्बांनी तो उलटसुलट पाहिला, काडीनं लांबी मोजली, नवऱ्याच्या रिवॉल्वरच्या मुठीला लावली. मग कानस उचलली. म्हणाले, लाकडाच्या दोन्ही फळ्या छिलून पातळ करू. पण पुन्हा काडी लावली आणि कानस खाली ठेवली. लाकूड सगळं काढलं तरी आतलं लोखंडच रुंद होतं. बोट पुरत नव्हतं ते नव्हतंच.

"आता?" गुलाबरावांनी विचारलं. आवाजात आनंद मावत नव्हता.

अब्बांनी कणकेचा गोळा ताटात ठेवला. तेव्हा पडद्यापासून अम्मी म्हणाली, "मेरा बेलन देखो जी."

"बेलन का क्या इसमें?"

"लगन करके आई तो तुम्हारी अम्मा का बेलन मेरे हाथ में घूमता नहीं था. भूल गए?"

मग ती वत्सलाबाईंकडं वळली आणि त्यांना त्यांच्या बोलीत सांगू लागली, आम्ही तिथं नसल्यासारखं. "बाई, माह्या सासूचं बेलन हे असं जाड. माह्या रोट्या वाकड्या व्हायच्या, नंदा हासायच्या. मी बाजारातून पोरीच्या खेळन्यातलं बारीक बेलन आनलं. ते त अजून बेक्कार! हलकं हाय न, म्हनून हातात नाचे. कणीक फाटे, बोटं चेपे. मंग यायनं मले हे बनवून देल्लं." तिनं कणकेच्या ताटातून बेलन उचललं. "पाहा. पोटात जड, मुठीत पतलं. जड हाय म्हनून नाचत नाई. पतलं हाय म्हनून धरता येते. माह्या हाताले जोर कधीच कमी नव्हता, बाई. जोर लावाले जागाच नव्हती."

शेवटचं वाक्य बोलताना ती वत्सलाबाईंकडं पाहत होती. पण ते कोणासाठी होतं हे मला माहीत होतं.

अब्बांनी बेलन हातात घेतलं. शिसवाच्या लाकडाचं, त्यांनीच कातलेलं, वीस वर्षं रोज घरात असलेलं. मग उठले, कपाटाच्या सगळ्यांत खालच्या फळीवरून एक रिवॉल्वर काढलं. ते तिथं मी लहान असल्यापासून पडून होतं. कोणीही घेत नव्हतं कारण रंग उडून ते खरूज झालेल्या जनावरासारखं दिसायचं. नळी जाड, अंग भरीव, पण मूठ सडपातळ. कोण्या बारीक हाताच्या साहेबासाठी विलायतेत घडलं असावं. अब्बांनी ते रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि वत्सलाबाईंच्या हातात ठेवलं. बेचकं मुठीच्या पाठीला वरपर्यंत भिडलं. तीनही बोटं मावली. पहिलं बोट चापावर टोकानं नाही, पेराच्या मांसल भागानं बसलं. मनगटापासून नळीपर्यंत एक रेघ. "आता डोळे मिटा," अब्बा म्हणाले, "हात वर करा, अन् उघडा." त्यांनी उघडले. नळी दाराच्या कडीवर होती आणि वत्सलाबाईही त्याच कडीकडं पाहत होत्या.

"जड हाय," त्या म्हणाल्या.

"जड हाय म्हनून नाचनार नाई," अम्मी म्हणाली.

अब्बांना मात्र चालवून पाहिल्याशिवाय हत्यार द्यायचं नव्हतं, आणि त्यांच्या पंजात ती मूठ हरवून जात होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "गोळा दाब," म्हणाले. सगळ्यांसमोर मी मागचे हात पुढं आणले. ताटात तीन गोळे झाले, वत्सलाबाईंचा, माझा, आणि अम्मीनं न विचारता दाबलेला तिसरा. अब्बा काडी घेऊन तिन्हींवर फिरले. फरक तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. "चल," म्हणाले. धसासमोर मी सहा गोळ्या मारल्या. आधी मोठ्या हत्यारांनी मारायचो तेव्हा माझ्या गोळ्या चारी दिशांना जायच्या आणि मी हत्याराला शिव्या द्यायचो. त्या दिवशी सहाच्या सहा एका रोटीएवढ्या जागेत लागल्या. अम्मी मागच्या दारात उभी होती. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "ये मेरे हाथ हैं," ती म्हणाली. "छुपाता कायको है?"

पुढचे दिवस वत्सलाबाई रोज सकाळी यायच्या आणि पडद्याच्या पलीकडं बसायच्या. अब्बांनी चक्रीत झडलेली, रिकामी काडतुसं भरून दिली होती, नुसत्या चापाच्या सरावासाठी. अम्मीनं नळीवर चिंचोका ठेवला. चाप ओढायचा आणि चिंचोका पडू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी चिंचोके चुलीत, पिठात, अम्मीच्या केसांत. दोघी हसायच्या. घरात बंदुकीच्या खटक्याचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज एकत्र ऐकायला मला विचित्र वाटायचं. घोडा आधी अंगठ्यानं मागं घ्या, मग चाप हलका होतो, हे मी पडद्याबाहेरून सांगितलं. आतून वत्सलाबाई म्हणाल्या, "आत येऊन सांगजा न, लेका. आता कायचा पडदा?" मी आत गेलो. अम्मीनंही करून पाहिलं. तिचा चिंचोका एकदाही पडला नाही. जेवणाच्या वेळी वत्सलाबाई आपली शिदोरी सोडायच्या, आमच्या घरचं खायच्या नाहीत, त्यांच्या घरची तशी रीत होती. अम्मीनंही आग्रह केला नाही. पण शेवटच्या दिवशी जाताना तिनं कोरड्या पिठाची एक पुरचुंडी त्यांच्या पदराच्या टोकाला बांधून दिली. "घाम येईल तळहाताले," म्हणाली, "त लावजा. रोटी लाटताना लावतो तसं."

चांदमारी गावाबाहेर, उघड्या माळावर. मातीचा बांध, समोर कागद चिकटवलेली पाटी. साहेब खुर्चीवर, दोन शिपाई, अब्बा नवऱ्याच्या हत्याराच्या बदली हे हत्यार देण्याची कागदपत्रं घेऊन, मी पेटी घेऊन. गुलाबराव नवीन फेटा बांधून आले होते. सहा गोळ्या, त्यातल्या तीन पाटीवर पाहिजेत, साहेबांनी सांगितलं. वत्सलाबाईंनी पदर खोचला. पहिली गोळी पाटीच्या खाली मातीत गेली. गुलाबराव खाकरले. दुसरी पाटीच्या वरून. शिपायानं मान हलवली. मी पेटीचं कडं इतकं घट्ट धरलं होतं की बोटांना वळ आले. आता चारांतल्या तीन पाहिजे होत्या. वत्सलाबाईंनी हत्यार नळी खाली करून टेबलावर ठेवलं, जसं अब्बांनी शिकवलं होतं, आणि पदराचं टोक सोडलं. चिमूटभर पीठ घेतलं, दोन्ही तळहातांवर चोळलं, जास्तीचं झटकलं. अगदी चुलीपाशी बसल्यासारखं, कोणाची घाई नसल्यासारखं. साहेब पुढं वाकले. "हे काय?"

"पीठ हाय, साहेब."

हत्यार उचललं. अंगठ्यानं घोडा मागं घेतला. मला नळीवर चिंचोका दिसला, खरंच दिसला, आणि तो पडला नाही. गोळी पाटीच्या मधोमध. पुढची तिच्या शेजारी. पाचवी जरा उजवीकडं, पण पाटीवर. सहावीची गरज नव्हती. ती मारून त्यांनी कागदाचा मधला ठिपकाच उडवला. मग गुलाबरावांकडं वळून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, दमणी वावराकडं घ्या."

साहेबांनी ते खरूज झालेलं रिवॉल्वर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "बाईंच्या हाताला एवढं बरोबर बसणारं हत्यार कोणी निवडून दिलं?" अब्बांनी कागदपत्रं काखेत धरली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढं मोठं संधीचं दार माझ्यासमोर कधी उघडलं नव्हतं. "मी" म्हणायचं होतं फक्त. अब्बांनी खोडलं नसतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी पेटी खाली ठेवली.

"माझ्या अम्मीनं," मी म्हणालो.

"नेमबाज आहेत का त्या?"

"नाही साहेब. रोट्या लाटतात."

साहेब मोठ्यानं हसले. शिपाई हसले. मी हसलो नाही, आणि वत्सलाबाईही नाही.

त्या वावरात राहिल्या, शेवटपर्यंत. दरवर्षी तपासणीच्या आधी हत्यार साफ करायला यायच्या, सोबत तुरीच्या शेंगा नाहीतर सीताफळं. ते काम अब्बांनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि पुढं दुकानातली सगळी लहान हत्यारं माझ्याकडंच आली. अमरावतीपासून लोक बारीक खटके बसवायला यायचे. मी आता हात मागं बांधत नव्हतो. तिसऱ्या की चौथ्या वर्षी वत्सलाबाईंनी शिदोरी आणलीच नाही. चुलीपाशी बसून म्हणाल्या, "वाढ वो आता, किती वाट पाह्यतं?" अम्मीनं त्यांना तव्यावरची गरम रोटी दिली. अस्वलाला हाकलायला त्यांनी दोनदा हवेत गोळी झाडली, असं त्या सांगायच्या. जनावराला किंवा माणसाला त्या हत्याराची गोळी कधी लागली नाही. चांगल्या हत्याराबद्दल मी यापेक्षा मोठी गोष्ट सांगू शकत नाही.

अम्मी गेली, तेव्हा वाटणीत भावांनी भांडी घेतली, शिलाई मशीन घेतली. मी बेलन मागितलं. भाऊ म्हणाला, "बस, इतनाच?" आता सून स्टीलचं वापरते, म्हणून ते माझ्या कपाटात असतं, बंदुकीचं तेल लावून. लाकडाला बंदुकीचं तेल लावत नाहीत हे मला माहीत आहे. माझे हात आता थरथरतात, स्क्रू धरवत नाही. पण दुपारी घरात कोणी नसलं की मी ते बाहेर काढतो आणि मूठ धरून पाहतो. बोटं जिथं पुरायला पाहिजेत तिथं बरोबर पुरतात.